भादव्यापासून दसऱ्यापर्यंत कोल्हापुरात काय बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती बसले की माझा फोन वाजायला लागतो. “मसाईवर फुलं आली का ओ?” हा पहिला प्रश्न (मसाई म्हणजे पन्हाळ्यामागचं पठार). “गाडी पार वरपर्यंत जाते न्हवं?” हा दुसरा. भाद्रपद-आश्विनातल्या रविवारी पाच-दहा जणांना घेऊन मी कोल्हापूरच्या आसपास हिंडतो. मी वनखात्यातला नाही आणि प्राध्यापकही नाही, नोकरी सांभाळून हिंडणारा माणूस. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंच देतो: जाते, पण नेऊ नका. का ते पुढे येईल.

नेमकं कधी निघायचं?

तारीख धरून बसू नका, नक्षत्र धरा. पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही तीन नक्षत्रं मिळून साधारण ३० ऑगस्ट ते १० ऑक्टोबर होतात. त्यातली उत्तरा आणि हस्ताचा पहिला आठवडा, म्हणजे १३ सप्टेंबरपासून ऑक्टोबर उजाडेपर्यंतचे दिवस, सगळ्यांत भरीचे. पूर्वात पाऊस अजून झोडपत असतो, फुलं मिटलेली असतात आणि वाराच छत्री घेऊन जातो. चित्रा लागल्या की जांभ्याचं पठार तव्यागत तापतं आणि आठ दिवसांत हिरवं ते पिवळं होतं.

‘पाऊस संपला’ या शब्दांना आपल्या जिल्ह्यात एकच अर्थ नाही, हेही ध्यानात ठेवा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, शिरोळकडे पाचशेच्या आसपास. या दोन गावांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. शिरोळ-हातकणंगल्यात बांधावरचं गवत सुकायला लागलेलं असतं तेव्हा बावड्याच्या कड्यावर दहा फुटांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही. म्हणून एखादी जागा हुकली असं वाटलं तर आणखी थोडं पश्चिमेला सरका, तिथं ती अजून चालू असते.

माझा ठोकताळा साधा आहे. चार-पाच दिवस पाऊस लागून राहिला आणि मग सलग दोन दिवस उघडीप मिळाली, की तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. उन्हाची तिरीप आल्याशिवाय बरीचशी फुलं डोळा उघडत नाहीत, त्यामुळे आठ ते अकरा ही वेळ चांगली. दुपारी ढग येतातच.

त्यासाठी कासलाच जायला हवं का?

कास बघण्यासारखं आहेच. पण कोल्हापुरातून ते दीडशेक किलोमीटर पडतं आणि सुट्टीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसंच जास्त भेटतात. तीच जात आणि तोच जांभा आपल्या पन्हाळ्यामागे आहे. घरची तूर सोडून बाजारची डाळ आणायला जाण्यातला हा प्रकार.

मग मसाई पठारावर नेमकं काय दिसतं?

पन्हाळ्याच्या पश्चिमेला, शहरापासून तीसेक किलोमीटरवर हे पठार आहे. १६६०च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून विशाळगडाकडे गेले, ती वाट याच पठारावरून जाते. आषाढात पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमंतीची पोरं इथून चिखल तुडवत जातात, फुलं येतात ती त्यांच्यानंतर.

सगळीकडे एकसारखा गालिचा असेल या समजुतीने गेलात तर फसाल. पठार वाचायचं असतं. जिथं उघडा कातळ आहे आणि खळग्यांत बोटभर पाणी साचलंय तिथं गेंदाची पांढरी बोंडं उभी असतात, शर्टाच्या बटणाएवढी, हजारोंनी. त्यांच्या पायाशी निळसर-जांभळी सीतेची आसवं. कातळाच्या कडेला दोन-चार इंच माती साठली की सोनकी आणि कवला येतात. कवल्याची एक जात अशी आहे की तिच्या पिवळ्या फुलावरचे दोन लाल ठिपके पाहून पोरं ‘मिकी माऊस, मिकी माऊस’ ओरडतात, आणि खरंच तसंच दिसतं. आणखी खोल माती, उताराची कड, दगडी बांध आले की तेरडा दाटतो. चवरीची पांढरी फुलं आणि हळदीसारखी रुंद पानं बघायची असतील तर लवकर यावं लागतं. सप्टेंबर सरता सरता ती आडवी होतात.

म्हणजे फूट-दीड फुटाच्या फरकाने वस्ती बदलते. मातीची जाडी ठरवते कोण कुठं राहणार ते. हे एकदा कळलं की लांबून रंग पाहूनच खाली किती माती असेल ते सांगता येतं.

आता गाडीचं. ओल्या पठारावर चाक गेलं की त्या बोटभर मातीचा चिखल होतो आणि पुढच्या सरीत तो वाहून जातो. ती माती साठायला किती पिढ्या गेल्या असतील देव जाणे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी रील काढायला जीप गोल गोल फिरवली होती. त्या चकऱ्या मला अजून दाखवता येतात. आत गेंद नाही, बाहेर आहे.

आम्ही गेलो होतो, पण काही दिसलंच नाही. असं का?

उभ्याने पाहिलंत म्हणून.

माझंही तसंच झालं होतं. पहिल्या खेपेला मी मसाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि तोंड पाडून परत निघालो. वाटेत एक धनगर आजी शेरडं राखत बसली होती. काय बघाय आला हुता म्हणून तिनं विचारलं. फुलं, म्हटलं. ती हसली. “उभ्यानं काय दिसतंय? बस की खाली.” आणि तिनं काठीनं माझ्या बुटाजवळचं पाणी दाखवलं.

मी उकिडवा बसलो. बुटाच्या टाचेएवढ्या खळग्यात सीतेच्या आसवांची चौदा फुलं होती, मोजली. प्रत्येकाचा देठ शिवणाच्या दोऱ्याएवढा. फूल करंगळीच्या नखात मावेल असं, खालचा ओठ जांभळा, मागे शेपटीसारखं एक टोक. एका फुलावर पाण्याचा थेंब होता आणि त्या वजनाने ते कलून दुसऱ्यावर टेकलं होतं. मी चाललो तो अख्खा वेळ असल्या खळग्यांवर पाय देत चाललो होतो.

तेव्हापासून माझा नियम झालाय. कुठंही पोचलो की आधी दहा मिनिटं उकिडवं बसायचं. गुडघे दुखत असतील तर पाट न्या. माझ्याबरोबर येणाऱ्या एक काकू खरंच नेतात.

इथं किडे खाणारी झाडं आहेत म्हणतात, खरं का?

खरं आहे आणि त्यातलं एक तुम्ही आत्ताच वाचलंत. सीतेची आसवं दिसायला गरीब, पण चिखलाखाली त्यांचा वेगळाच उद्योग चालतो. या झाडाला खरी मुळं नसतातच. मातीत धागे पसरलेले असतात आणि त्यांवर मोहरीपेक्षा बारीक फुगे. फुग्याच्या दाराशी असलेल्या केसाला पाण्यातला सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं, पाण्यासकट तो ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी आत हे सगळं उरकतं.

दुसरं दवबिंदू. हे उघड्यावर शिकार करतं. पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळच्या उन्हात दव पडल्यासारखं चमकतं. चिलट बसलं की चिकटतं आणि आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. पोरं बोट लावायला बघतात, लावू देऊ नका.

हे असं का? तर जांभ्यावरच्या धुपलेल्या मातीत नत्र फार थोडं. शेतकरी युरिया टाकतो, यांनी किडे धरले.

रस्त्याच्या कडेला कमरेएवढी केशरी-पिवळी फुलं दिसतात, तीच सोनकी का?

नाही. तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा. शोभेसाठी लावला, बागेतून निसटला आणि आता घाटरस्ते धरून पसरतोय. ओळखायला सोपा आहे: पान गाजरासारखं चिरलेलं, झाड कमरेपासून डोक्यापर्यंत उंच, रंग भडक. सोनकी रुपयाच्या नाण्याहून लहान, शुद्ध पिवळी, पानाला दातेरी कड, आणि ती कातळाला, तटाच्या चिरांना धरून असते. पन्हाळ्याच्या तटबंदीवर उगवते ती सोनकी. दरवर्षी दहातले नऊ जण मला कॉसमॉसपुढे उभं राहून काढलेला फोटो पाठवतात आणि खाली ‘आपला सह्याद्री’ लिहितात. वाईट वाटतं, पण सांगावं लागतं. (दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचाच आहे. पण तो सांगितल्याशिवाय बांध ओलांडत नाही.)

कॉसमॉसच्या बिया कपड्याला लागून जातात. घरी येऊन पँट झटकणार असाल तर कचऱ्याच्या डब्यात झटका, अंगणात नको.

गौरीला आणतो तो तेरडा आणि डोंगरावरचा तेरडा एकच का?

एकच. आपल्याकडे बऱ्याच घरांत पाणवठ्यावरून तेरड्याच्या डहाळ्या आणून त्यांचीच गौर उभी करतात, तेव्हा तो रानात ऐन भरात असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण उपटून आणलेल्या तेरड्याची आहे. रानातला महिनाभर टिकतो.

पोरं बरोबर असतील तर सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या पिकलेल्या शेंगा दाखवा. फुगलेली, जराशी पिवळटलेली शेंग दोन बोटांत अलगद धरली की फट्‌कन फुटते, साल घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळते आणि बिया हातभर लांब उडतात. मोठी माणसंसुद्धा एकदा सुरू झाली की थांबत नाहीत.

गौरीच्या सुमारासच कुंपणावर चढलेली अग्निशिखा दिसते. कळलावी म्हणा, काही गावांत गौरीचे हात म्हणतात. पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या पाकळ्या, पानाचं टोक लांबून वेटोळं घेतलेलं. बघा, पण घरी आणू नका. सगळं झाड विषारी आहे आणि कंद सगळ्यांत जास्त.

यंदा कारवी फुलणार का?

कारवी म्हणजे डोंगरउतारावरचं झुडूप. ती सात वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. पण सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं. आंबा घाटाच्या एका अंगाला फुललेली असते आणि पलीकडची धार नुसती हिरवी. शिवाय अधूनमधून चुकार झाडं भलत्याच वर्षी फुलतात, त्यांचे फोटो फिरले की लोक गाड्या काढतात. विचारायचं तर त्या भागातल्या गुराख्याला विचारा. कारवीच्या काठ्यांचे कूड घालणाऱ्या माणसांना तिचं वय ठाऊक असतं.

कंदीलपुष्प कुठं बघायला मिळेल?

रानातली जागा मी सांगणार नाही, रागावू नका. कंदीलपुष्पालाच खरचुडी म्हणतात. तिचे कंद खाण्याजोगे असतात, त्यामुळे ती आधीच साळिंदर, रानडुक्कर आणि माणूस यांच्या तावडीत सापडलेली. त्यात काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्यात. जागा फुटली की संपलं.

पण कोल्हापुरात यासाठी रान तुडवायची गरज नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या बागेत डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कुळातल्या दुर्मीळ जाती जपल्या, वाढवल्या. रीतसर परवानगी काढून जा.

फूल म्हणजे खरोखर छोटा आकाशकंदील: खाली फुगीर, मग नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेली जाळी. त्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली बारीक माशी आत घसरते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. एखादा दिवस ती कोठडीत काढते. मग केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि ती परागांचं ओझं घेऊन सुटते. सुटल्यावर लगेच दुसऱ्या कंदिलात शिरते, हे विशेष.

गाडी नाही. शहरातच काही बघता येईल का?

येईल की. रंकाळा आहे, कळंबा आहे, राजाराम तलाव आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. रंकाळ्यावर सकाळी फिरणारे हजार लोक असतात, त्यांतले पाण्याकडे बघणारे दहा. संध्यामठाच्या बाजूला उथळ, झाडोऱ्याच्या पाण्याशी थांबा.

काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा पक्षी पोहतो तो वारकरी. लाल चोचीची, जांभळी, शेपटी झटकत चालणारी जांभळी पाणकोंबडी. चोचीच्या बुडाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा रंग असलेलं बदक दिसलं तर ते हळदीकुंकू. (याच नावाचं एक फुलपाखरूही आहे, त्याच्या पंखांखाली हळद आणि कुंकू सांडलेलं असतं. आपल्या लोकांनी नावं ठेवताना हात आखडला नाही.) बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. गायबगळ्यांच्या अंगावर श्रावणात जो केशरी रंग होता तो आता उतरायला लागलेला असतो.

केंदाळ साचलं असेल तर शिव्या जरूर घाला, पण त्याच्यावरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी तेवढा बघून घ्या.

विहिरीवर लोंबणारी घरटी सुगरणीची म्हणतात. ती बांधते कोण?

नर. नाव बाईचं झालं, काम बाप्याचं. भादव्यात उसाच्या रानात विहिरीवर झुकलेली बाभूळ शोधा. तिथं पंधरा-वीस घरटी आणि कलकलाट असणार. डोकं पिवळंधमक असलेले ते नर. उसाच्या पानाच्या कडेला चोचीनं एक खाच मारतो, ती कड धरतो आणि उडतो. चर्रकन हातभर पट्टी सुटून येते. अशा शेकडो पट्ट्या.

अर्धं घरटं, शिरस्त्राणाच्या आकाराचं झालं की मादी तपासायला येते. आत बसते, ओढून बघते. पसंत पडलं तर पुढचं बांधकाम आणि संसार. नाही पडलं तर ते अर्धवट तसंच लोंबत राहतं. म्हणून प्रत्येक झाडावर काही टोप्या रिकाम्या दिसतात. आणि एकदा मादी अंड्यावर बसली की हे साहेब शेजारच्या फांदीवर दुसरं घर घालायला मोकळे. हे सांगितलं की आमच्या फेरीतल्या बायका एकमेकींकडे बघतात.

जुनं घरटं पडलेलं मिळालं तर उघडून बघा, आत वाळलेल्या चिखलाचे गोळे थापलेले असतात. लोंबणारं मात्र तोडू नका. या महिन्यात आत पिलं असू शकतात.

कुंडीतला कढीपत्ता अळ्यांनी फस्त केला. फवारू का?

पंधरा दिवस कळ काढा. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते (तोच तिचा बचाव), मग हिरवीगार होते ती अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची आहे. हलकेच काडी लावा, डोक्यामागून शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझ्या आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा सूप टाकून पळाली होती. त्यानंतर आठ-दहा दिवसांचा कोष, मग फुलपाखरू. कढीपत्त्याला नवे धुमारे येतातच.

याच कुळातलं निळं-काळं, तळहाताएवढं निलवंत आपलं राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ते ठरवलं, तोवर देशात दुसऱ्या कुठल्या राज्याने असं केलं नव्हतं. घाटात ते सर्रास दिसतं, शहरात लिंबाची झाडं असलेल्या जुन्या वाड्यांच्या परसात.

मैदानावर संध्याकाळी शेकड्यांनी हेलिकॉप्टर फिरतात, ती कुठून येतात?

पिवळसर चतुर. पावसाच्या साचलेल्या डबक्यांत वाढलेले. उघडीप झाली की थव्याने निघतात. ऑक्टोबरात ते मालदीवमध्ये उतरतात आणि पुढे समुद्रावरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जातात असं दिसून आलंय. २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन या मालदीवात राहणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने ही वाट मांडली. येणारे आणि जाणारे एकच नसतात, पिढ्यांमागून पिढ्या हा फेरा पुरा करतात. तुमच्या कॉलनीच्या मैदानावरून दोऱ्याला बांधून उडवायचं ते हेच, म्हणून नका बांधू.

राधानगरीत गवा बघायला आत्ता जायचं का?

आत्ता नको. दाजीपूरच्या जंगलाला १९५८ मध्ये गव्यांसाठीच अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असतं. उघडलं तरी सुरुवातीला गवत डोक्याएवढं आणि पाणी जागोजाग, म्हणून गवा उघड्यावर यायचं कारणच नाही. दिवाळीनंतर जा. आत्ता राधानगरीच्या बाहेरून, रस्त्याकडेच्या झाडांत शेकरूची काटक्यांची घरटी शोधा.

गवा उसात किंवा गावाजवळ आलाय असं कळलं तर मात्र गर्दी करून मागे धावू नका. मोठा नर टनाच्या आसपास भरतो, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय पाहून लोक जवळ जातात. घाबरला की समोर कोण आहे ते बघत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. आजरा-चंदगडकडे भात पोटरीत आलं की हत्तींचंही तेच.

आणि काजवे?

काजवे मे अखेर, जूनच्या तोंडाला. तुम्ही तीन महिने उशिरा विचारताय.

साप, जळवा यांचं काय?

जळवांचं एवढं काही नाही. दाजीपूर-आंब्याच्या रानात ऑक्टोबरपर्यंत असतात. मोजे वर ओढा, तंबाखूचं पाणी किंवा मीठ जवळ ठेवा, चिकटली तर ओढून तोडू नका.

सापाचं मात्र मनावर घ्या. ओढ्याकाठच्या झुडपात चापडा दिवसचे दिवस एका फांदीवर निश्चल बसतो, हिरवा, तपकिरी कुठल्याही रंगात. फोटोसाठी फांदी बाजूला करायला हात घालू नका. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा. रात्री शेतावर जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारचा धोका. तिचा दंश दुखतही नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. चावलं तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

सगळ्यांत जास्त पळापळ मी पाहिली ती आग्या मोहोळामुळे. कडे-कपारीला, बुरुजाला मोहोळं दिसली की अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन चारही बंद.

अळंबी, रानभाज्या तोडून आणल्या तर चालतील?

वारुळावर उगवणारी अळंबी चवीला मटणाला मागे सारते, हे कबूल. पण ओळखणारा जाणता माणूस बरोबर असेल तरच. दिसायला सारखी विषारी छत्री असते आणि रंग, चव, चांदीचं नाणं यांपैकी कशानेही ती ओळखता येत नाही. टाकळा, कुर्डू या भाज्या आता फुलावर आल्यात, निबर झाल्यात. पडीक रानात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे नुसते बघा. खायचा हंगाम पुढच्या आषाढात.

हादगा मात्र खा. याच दिवसांत, हस्ताच्या पावसात पोरी हादगा (म्हणजे भोंडला) मांडतात, तेव्हाच हादग्याला पांढरी, चंद्रकोरीसारखी फुलं लागतात. शिरोळकडे पानमळ्यात वेलीला आधार म्हणून ही झाडं असायची. फुलातला मधला कडू दांडा काढा, बेसनात बुडवा, तळा.

दसऱ्याला विकतात ती पानं आपट्याची असतात ना?

बऱ्याचदा नसतात, कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, मागून फिकट राखी. कांचनाचं पान मोठं, पातळ आणि लांबट. मीही एका वर्षी दसरा चौकातून सीमोल्लंघन बघून येताना मोठ्या भक्तीने कांचनाची जुडी आणली आणि घरोघर सोनं म्हणून वाटली. शेजारच्या गुरुजींनी पान उलटं करून पाहिलं आणि नुसते “असू दे, असू दे” म्हणाले.

आपटा ओळखू आला की फांद्या ओरबाडायची इच्छा आपोआप कमी होते. एका झाडाची पाच पानं पुरतात. हाच आपटा विडीलाही लागतो, त्याच्या मागे आधीच बरेच जण आहेत.

दसरा झाला, ऊन वाढलं. आता काही उरलं का?

पठारं संपली, पण रानातला मुक्काम बदलला. मोराचा पिसारा गळून गेलेला असतो, तो लांडा मोर ओळखा बघू. चातक आफ्रिकेच्या वाटेला लागतो. शिरोळ, हातकणंगल्याकडे मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे संध्याकाळी गुलाबी-काळे वळसे घेतात. आजऱ्याकडे घनसाळ हा वासाचा भात पिकायला लागला की बांधावरून चालतानाच वास येतो, आणि मुनियांना तो आपल्या आधी कळलेला असतो.

आणि परीट येतो. हिमालयातून आलेला करडा धोबी. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी भरून वाहते तिथं सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी हजर असतो, शेपटी वरखाली, वरखाली, पोटाखाली पिवळा. टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायला प्लंबर गेल्या वर्षीपासून सांगून ठेवलाय. मीच त्याला बोलावत नाही.